डेमो बेसमेंटमध्ये दाखवा

फॅसिलिटीचं सॉफ्टवेअर विकायला येणारी मंडळी नेहमी वरच्या मजल्यावर भेटतात. कॉन्फरन्स रूम, गार एसी, पॅन्ट्रीतून आलेला चहा आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर गोल गोल फिरणारी एक देखणी काचेची इमारत. एखाद्या मजल्यावर बोट ठेवलं की तिथल्या खुर्च्या, दिवे, एसीची युनिटं उलगडत जातात. आमचे फायनान्सवाले माना डोलावतात. आयटीवाले "एपीआय आहे ना?" एवढं विचारून मोकळे होतात. एचआरला डेस्क बुकिंगच्या ॲपमधले रंग आवडलेले असतात. आणि ज्याला हे सगळं रोज हाताळायचंय तो शिफ्ट टेक्निशियन त्या वेळी बी-टूमध्ये, म्हणजे जमिनीखाली दोन मजले, फायर पंपाचं प्रेशर लॉगबुकात लिहीत असतो. त्याला वर कुणी बोलावत नाही.

मी पुण्यात आयटी कंपन्यांच्या इमारती सांभाळण्याचं काम करते. ॲडमिन म्हणा, फॅसिलिटी म्हणा. नातेवाइकांना समजावून सांगताना मी "वीज, पाणी, एसी, लिफ्ट, जेवण, गाड्या आणि शिव्या" असं सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. सॉफ्टवेअर निवडायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी एक एक्सेल पाठवतं. डावीकडे फीचर्सची लांबलचक यादी, वर कंपन्यांची नावं, मधल्या चौकटींत होय किंवा नाही. या तक्त्याची गंमत अशी की सगळ्यांपुढे होयच असतं. ॲसेट मॅनेजमेंट? होय. स्पेस? होय. व्हिजिटर? होय. मोबाइल ॲप? अर्थात होय. मग तुलना कशाची करायची? शेवटी दराचा रकाना तेवढा वेगळा उरतो आणि निर्णय पर्चेसकडे जातो.

त्यापेक्षा मी आधी एवढंच बघते की हे सॉफ्टवेअर कुठल्या घराण्यातलं आहे. गवयाचं जसं असतं, अगदी तसं. दुसऱ्या घराण्याची चीज तो गाईल, कदाचित छानही गाईल, पण आवाज कसा लावतो यावरून तालीम कुठे झाली ते कळतंच.

या धंद्यात मोठी घराणी तीन. पहिलं देखभालीचं. मॅक्सिमो हे त्यातलं ठळक नाव. १९८५ मध्ये अमेरिकेत आलं आणि २००६ मध्ये ते बनवणारी कंपनी आयबीएमनं विकत घेतली. वीज केंद्रं, रेल्वे, विमानतळ अशा ठिकाणी ते वाढलं. या घराण्याला जगात फक्त यंत्रं दिसतात: पंप, मोटर, व्हॉल्व्ह, त्याचा सुटा भाग, सुट्या भागाचा साठा. माणूस दिसतो तो पाना हातात घेतलेला.

दुसरं घराणं नकाशाचं. १९८० मध्ये अमेरिकेत फॅसिलिटी मॅनेजर लोकांची संघटना उभी राहिली, तिला आज इफ्मा म्हणतात. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि इमारतीचा नकाशा कागदावरून संगणकावर सरकू लागला. बॉस्टनचं आर्किबस, नेदरलँड्समधल्या नायमेखन गावचं प्लॅनॉन ही याच काळातली. यांना इमारत म्हणजे चौरस फूट दिसते. कुठला विभाग किती जागा वापरतो, त्याचं भाडं कुणाच्या खात्यावर टाकायचं, चाळीस माणसं तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर हलवायची तर काय काय हलेल.

तिसरं घराणं बुकिंगचं, वयानं लहान. लंडनचं कॉन्डेको २००५ चं. मीटिंग रूम कुणी अडवली यावरून होणारी भांडणं हा यांचा मूळ मालमसाला. कोविडनंतर "आठवड्यातले तीन दिवस ऑफिस" सुरू झालं आणि या घराण्याला एकदम सुगीचे दिवस आले. यांना इमारतीत फक्त माणसं दिसतात: आलेली, येणारी, बुक करून न आलेली.

आता बुकिंगच्या घराण्यातल्या ॲपला देखभालीबद्दल विचारा. तिथे "तक्रार नोंदवा" असं बटण असतं आणि त्यामागे जवळपास काहीच नसतं. देखभालीच्या घराण्यात मीटिंग रूम शोधायला जा. ती सापडते, पण ॲसेट नंबरासकट, एखाद्या बूस्टर पंपाच्या शेजारी. दोन्हीकडे तक्त्यात होय लिहिलेलंच असतं.

त्यात गेल्या काही वर्षांत घराण्यांची लग्नं लागली. कॉन्डेको आणि आयऑफिस-स्पेसआयक्यू एकत्र येऊन २०२२ मध्ये एप्चुरा झालं, आर्किबसही आता त्याच कुटुंबात नांदतं. नकाशाच्या घराण्यातलं ट्रिरिगा आयबीएमनं २०११ मध्येच घेतलं होतं. २०२३ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सनं त्याच घराण्यातलं एफएम सिस्टिम्स घेतलं आणि प्लॅनॉनमध्ये श्नायडर इलेक्ट्रिकनं आधी थोडा, मग २०२४ मध्ये मोठा हिस्सा घेतला. जॉन्सन कंट्रोल्स म्हणजे ज्यांचे यॉर्क चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं, आपल्या टेरेसवर बसलेले असतात ते. श्नायडर म्हणजे आपल्या पॅनलमधले ब्रेकर. यंत्र विकणारेच आता त्या यंत्राच्या तब्येतीची वही ठेवणार. यात वाईट काही नाही, उलट चिलरची माहिती थेट सॉफ्टवेअरमध्ये येण्याची सोय होते. फक्त उद्या दुसऱ्या कंपनीचा चिलर बसवला तर ती वही तितक्याच प्रेमानं लिहिली जाईल का, हे आजच लेखी विचारून ठेवावं. आणि जिथे एका छपराखाली एकाच कामाची दोन-तीन सॉफ्टवेअर आली आहेत, तिथे यातलं कुठलं पाच वर्षांनी जिवंत असेल हेही विचारावं. विक्रीला आलेला मुलगा हसतो, पण विचारावं.

आपल्याकडे एक चौथं घराणं आहे, ते परदेशी तुलनांमध्ये सापडत नाही: कॅबचं. भारतातलं ऑफिस गेटवर सुरू होत नाही, ते कर्मचाऱ्याच्या सोसायटीखाली उभ्या राहिलेल्या गाडीपासून सुरू होतं. बंगळुरूचं मूव्हइनसिंक कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचे मार्ग आखण्यातून वाढलं आणि मग वर्कइनसिंक नावानं डेस्क बुकिंगकडे आलं. मला हा क्रम फार पटतो. वाकडहून हिंजवडीला सकाळी यायला किती वेळ लागेल यावर माणूस ऑफिसला येणार की नाही ते ठरतं. डेस्क खिडकीजवळचा आहे का हा प्रश्न नंतरचा. चेन्नईच्या फॅसिलिओनं २०१७ मध्ये आणखी वेगळं टोक धरलं: वेगवेगळ्या कंपन्यांच्या बीएमएस (इमारतीतली यंत्रं संगणकावरून चालवणारी व्यवस्था) असलेल्या अनेक इमारती एकाच ठिकाणाहून बघायच्या. कोइम्बतूरचं ई-फॅसिलिटीही या बाजारात बरंच आधीपासून आहे. घरचं म्हणून घ्या असं मी म्हणणार नाही, पण डेमोला बोलवा.

घराणं कळलं की मी वेळापत्रकाकडे जाते. इथे खरा फरक कळतो आणि नेमकं हेच तुलनेच्या तक्त्यात कधी नसतं.

प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची, म्हणजे बिघाडाची वाट न बघता ठरवून करायच्या देखभालीची, तारीख दोन प्रकारे लागते. एक, मागचं काम झालं त्या दिवसापासून मोजून. एएचयूचा, म्हणजे एसीची गार हवा मजल्यावर खेळवणाऱ्या युनिटचा, फिल्टर धुवायला आठ दिवस उशीर झाला तर पुढचा फिल्टरही आठ दिवस पुढे गेला पाहिजे, नाहीतर काल धुतलेला आज पुन्हा धुवायचा. दोन, पंचांगाला बांधून. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो. आता समजा जानेवारीचं काम रखडत फेब्रुवारीच्या वीस तारखेला झालं. पहिल्या प्रकारचं सॉफ्टवेअर शांतपणे पुढची तारीख देतं २० ऑगस्ट. डॅशबोर्ड हिरवागार, आणि जुलै केव्हाच उलटून गेलेला. दोन्ही प्रकार प्रत्येक कामाला वेगवेगळे लावता येतात का, एवढं विचारलं की निम्मे डेमो अडखळतात.

तिसरा प्रकार मीटरचा. आमच्या डीजीचं (डिझेल जनरेटरचं) बी-चेक, म्हणजे ऑइल आणि फिल्टर बदलणं, ठरावीक रनिंग अवर्स किंवा ठरावीक महिने, जे आधी येईल त्याप्रमाणे असतं. डिसेंबरात हा डीजी आठवड्यातून एकदा टेस्टसाठी सुरू होतो आणि बंद होतो. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला, कुठेतरी फांदी पडली, फीडर ट्रिप होऊन वीज गेली की तोच डीजी दिवसभर घरघरत असतो. फक्त कॅलेंडर कळणारं सॉफ्टवेअर डिसेंबरात उगाच तगादा लावतं आणि जूनमध्ये गप्प बसतं. म्हणजे अवर मीटरचं रीडिंग रोज आत गेलं पाहिजे. ते कोण टाकणार? बी-टूमधला टेक्निशियन. आणि बी-टूमध्ये मोबाइलला रेंज नाही.

म्हणून मी एका कंपनीच्या माणसाला, चहा झाल्यावर, खाली नेलं. डीजी रूममध्ये त्यानं पॅनलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. ॲपमध्ये गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. त्यानं मोबाइल उंच धरला, मग दारात जाऊन धरला, मग रॅम्पच्या दिशेनं चालायला लागला. तोवर आमच्या शिफ्टच्या मामांनी दोरीनं बांधलेलं बॉलपेन उचललं, मीटर वाचला, लॉगबुकात आकडा लिहिला आणि खाली सही केली. परत येऊन तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, इथे एक वाय-फाय लावून घ्या, काही प्रॉब्लेम नाही." मामा म्हणाले, "साहेब, आम्ही इथं लाइट गेल्यावरच पळत येतो. तेव्हा तुमचं वाय-फाय चालू असंल का?"

मामांना ऑफलाइन मोड हा शब्द माहीत नव्हता, पण मागणी तंतोतंत तीच होती. ॲपनं रीडिंग फोनमध्येच ठेवावं, वेळ तेव्हाचीच नोंदवावी आणि रेंज आली की पाठवावं. काही ॲप्समध्ये हे खरोखर चालतं. काहींमध्ये चालतं, पण वेळ पाठवल्याची लागते. म्हणजे दुपारी दोनचं रीडिंग मामा जेवायला वर आले तेव्हाचं, पावणेतीनचं होतं. तक्त्यात दोघांपुढेही होय.

लॉगबुकाची मी फार आरती करतेय असं वाटेल, तसं नाही. एकाच बैठकीत, एकाच शाईनं, एकाच तिरक्या अक्षरात लिहिलेली दिवसभराची रीडिंग्ज मी भरपूर पाहिली आहेत. शिफ्ट संपताना बसून भरलेली असतात. आकडे इतके शहाण्यासारखे की खऱ्या यंत्राचे असूच शकत नाहीत. क्यूआर कोड हे थांबवण्यासाठीच आले. मग लोकांनी क्यूआर कोडचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले. रात्रपाळीचा गार्ड गॅलरी उघडून खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या मजल्यांची गस्त घालतो. एनएफसी टॅग फोन टेकवल्यावरच वाचला जातो, त्याचा असा फोटो काढता येत नाही, म्हणून गस्तीसाठी तो बरा. पण टॅग धातूच्या पॅनलवर चिकटवायचा तर त्यासाठी वेगळ्या प्रकारचा लागतो, नाहीतर वाचलाच जात नाही. आणि एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटच्या, दमट हवेत कागदी स्टिकर एक पावसाळाही काढत नाही, तिथे कोरलेली ॲल्युमिनियमची पट्टीच हवी. अशा गोष्टी सॉफ्टवेअरवाले सांगत नाहीत, टॅग लावणारा मुलगा सांगतो.

मुळात टॅग कशाला लावायचा याची यादी बरोबर हवी. एका इमारतीत जुन्या एजन्सीनं दिलेली ॲसेट यादी हातात घेऊन आम्ही मजल्यामजल्यावर फिरलो. एएचयू-३ नावाची दोन युनिटं निघाली, एक कँटीनच्या सीलिंगवर. एक सम्प पंप, म्हणजे खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा, यादीत होता, जागेवर नव्हता. फाउंडेशनचे बोल्ट तेवढे उभे होते. सिस्टिममध्ये त्या पंपाचं ग्रीसिंग दर महिन्याला वेळेवर होत होतं. रिमार्कमध्ये "ओके".

यावर इंजिनिअर लोकांनी उपाय काढला नव्हता असं नाही. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातून २००७ मध्ये कोबी नावाचा एक साचा पुढे आला. इमारत ताब्यात देतानाच बिल्डरनं प्रत्येक यंत्राचं नाव, मॉडेल, जागा, वॉरंटी ठरलेल्या रकान्यांत भरून द्यायची, म्हणजे ती सरळ सॉफ्टवेअरमध्ये जाते. ब्रिटननं सरकारी बांधकामांसाठी २०१६ पासून ही पद्धत लावली. आपल्याकडे हँडओव्हरला काय मिळतं? नकाशांच्या गुंडाळ्या, बॉक्स फायलींचं एक कपाट आणि "ॲज बिल्ट" असा शिक्का मारलेली, बांधल्यासारखी अजिबात नसलेली ड्रॉइंग्ज. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पहिले काही महिने या कपाटातच जातात. त्या कामाचे पैसे कोटेशनमध्ये "इम्प्लिमेंटेशन" या एका ओळीत लपलेले असतात किंवा नसतातच. नसले की समजावं, ते काम आपण करणार आहोत.

माणसांच्या बाजूचं सॉफ्टवेअर मला कमी कळतं आणि कमी आवडतं, हे आधीच कबूल. जागेचा वापर मोजणं चूक नाही. मंगळवार ते गुरुवार खचाखच आणि शुक्रवारी शुकशुकाट असेल तर शुक्रवारी दोन मजल्यांचे एएचयू बंद ठेवता येतात, त्यात विजेचे खरे पैसे वाचतात. पण मोजायचं किती जवळून? जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये पत्रकार सकाळी कामावर आले तर टेबलांखाली छोट्या डब्या बसवलेल्या, टेबलाशी कुणी बसलंय का ते ओळखणाऱ्या. वीज आणि जागा वाचवायला आहेत, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. ओरड झाली, पत्रकारांची संघटना उतरली आणि डब्या त्याच दिवशी काढाव्या लागल्या. मला त्या डब्यांपेक्षा त्या रातोरात बसवल्या याचं जास्त वाटतं. आमच्या खात्याला अशी गुपचूप कामं करायची हौस फार. व्हिजिटरचा फोटो आणि मोबाइल नंबर गेटवर घेऊन ठेवण्याची हौस तशीच. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यापासून निदान "हा फोटो कधी पुसणार?" हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारता येतो.

शिवाय बुकिंगचा आकडा खरा असतो यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडे त्याची परीक्षा कँटीनमध्ये होते. डेस्क किती बुक झाले हा एक आकडा, फ्लॅप बॅरिअरवर किती कार्ड स्वाइप झाली हा दुसरा, आणि ताटं किती गेली हा तिसरा. तिन्ही कधीच जुळत नाहीत. केटरर पहिल्या आकड्यावर पोळ्या लाटतो आणि मिनिमम गॅरंटीवर बिल लावतो. ज्या सॉफ्टवेअरनं सकाळी दहाला स्वाइपचा आकडा थेट किचनकडे पाठवायची सोय केली, ते आमच्या केटररला सगळ्यांत आवडलं. त्याला त्या कंपनीचं नावही माहीत नाही.

तक्त्यात एक स्पर्धक कधीच नसतो आणि प्रत्यक्षात तोच सगळ्यांना हरवतो: व्हॉट्सॲप. लेडीज वॉशरूमपाशी पाणी आलंय, मावशींनी फोटो टाकला, सुपरवायझरचा अंगठा आला, प्लंबर निघाला. एवढ्यात लॉगिन, कॅटेगरी, सब-कॅटेगरी, प्रायॉरिटी निवडून टिकिट काढणारं ॲप अजून पासवर्ड मागत असतं. मावशींना "सीव्हेज अँड ड्रेनेज"च्या खाली "फिक्स्चर लीकेज" शोधायला सांगणं हा अन्यायच आहे. पण हीच लाइन मागच्या पावसाळ्यातही गळत होती का, तेव्हा पॅकिंग बदललं की नुसती टेप गुंडाळली, हे व्हॉट्सॲपला विचारता येत नाही. म्हणून फोटो आणि मराठीतला व्हॉइस मेसेज एवढ्यावर टिकिट निघत असेल तर त्या सॉफ्टवेअरला माझ्याकडून जास्तीचे गुण. बाकी वर्गवारी हेल्पडेस्कवरच्या मुलीनं करावी, तिला त्यासाठीच पगार आहे.

टिकिटं वेळेत बंद होण्याच्या टक्केवारीला मी फारसे गुण देत नाही. घड्याळ थांबवायला टिकिट बंद करतात आणि तासाभरानं तीच तक्रार नव्या नंबरानं उघडते. "सहाव्या मजल्यावर फार गार होतंय" आणि "सहाव्या मजल्यावर फार गरम होतंय" ही जोडी तर वर्षभर उघडझाप करत असते. एकाच जागेवरची एकाच प्रकारची तक्रार किती वेळा परत आली, हा रिपोर्ट मागितला की समोरची व्यक्ती "कस्टमाइज करून देऊ" म्हणते.

लीजचा भाग फायनान्सवर सोडते. इंड एएस ११६ हा भाडेकरारांच्या हिशेबाचा नियम एप्रिल २०१९ पासून लागू झाल्यावर भाड्याची ऑफिसं ताळेबंदात आली आणि तेव्हापासून निवड समितीत त्यांचं मत दुप्पट वजनाचं झालंय, एवढं नोंदवून ठेवते.

पैशांचं मात्र बघावं लागतं, कारण दर लावण्याच्या पद्धतीवरून वापरण्याची पद्धत ठरते. दर माणशी लायसन्स असेल तर काय होतं? टेक्निशियन कंत्राटी, सहा महिन्यांत बदलणारे. मग सुपरवायझर एकच लॉगिन घेतो, पासवर्ड पॅनलच्या दारावर मार्करनं लिहितो आणि तिन्ही शिफ्ट त्यावर चालतात. कुणी काय केलं हे कळावं म्हणून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि सगळं एकाच माणसानं केलेलं, चोवीस तास न झोपता. दर चौरस फुटाला किंवा दर इमारतीला लावणारे महाग वाटतात, पण निदान ही थट्टा होत नाही.

आणि सॉफ्टवेअर आपलं की एजन्सीचं, हा शेवटचा मुद्दा. बऱ्याच ठिकाणी फॅसिलिटीचं कंत्राट घेणारी एजन्सी स्वतःचं ॲप फुकट घेऊन येते. पर्चेसला आनंद होतो. तीन वर्षांनी कंत्राट बदलतं, माणसं त्याच इमारतीत, त्याच पगारावर नव्या एजन्सीच्या गणवेशात दिसतात, पण चिलरचा इतिहास मात्र जुन्या एजन्सीच्या सर्व्हरबरोबर निघून जातो. कॉम्प्रेसर आधी कधी उघडला होता, ते मामांना विचारावं लागतं. आमच्या नव्या करारात आता एक कलम आहे: कंत्राट संपल्यावर तीस दिवसांच्या आत सगळ्या वर्क ऑर्डर, रीडिंग्ज आणि फोटो आमच्या ताब्यात. लीगलच्या मुलीनं त्यात "संपादन करता येईल अशा स्वरूपात" एवढे शब्द वाढवून घेतले, कारण मागच्या एजन्सीनं कलम पाळलं होतं. सगळा इतिहास दिला होता, प्रिंट काढून, स्कॅन करून, एकाच पीडीएफमध्ये.